कांगड्यात पावसाचा दिवस: धौलाधार ढगात असेल तेव्हा काय पाहावं?

मुक्कामपोस्ट (धागाकर्ती)

उत्तरेकडच्या गाडीप्रवासाबद्दल इथे भरपूर लिहून झालंय, पण धरमशालेचा विषय निघाला की पावसाची तक्रार येतेच. त्रिउंडचा ट्रेक रद्द झाला, दिवसभर खोलीत बसलो, संध्याकाळी मोमो खाऊन झोपलो. असं वाचलं की हळहळ वाटते. कांगडा खोऱ्यातलं जे सगळ्यात जुनं आणि मला विचाराल तर सगळ्यात सुंदर आहे, त्यासाठी डोंगर दिसावाच लागत नाही. ते खाली आहे आणि दगडात आहे.

मार्चमध्ये आम्ही अमृतसरहून पठाणकोटमार्गे वर गेलो. गाडी आमचीच, पुण्याहून आणलेली. आम्ही दोघं, सासूबाई आणि नववीतली लेक. मुक्काम खालच्या धरमशालेत. पहिल्याच रात्री पाऊस लागला आणि सकाळी उठून पाहतो तर समोरची धौलाधारची अख्खी डोंगररांग गायब. घरमालक म्हणाले, वर बर्फ पडतंय, आज त्रिउंडचं नावही काढू नका. मग त्यांच्याशीच बोलून दिवस ठरवला: जोराचा पाऊस असेतो छपराखालची ठिकाणं, उतरला की किल्ला, आणि दुपारनंतर मसरूर.

सुरुवात चर्चपासून. मॅक्लिओडगंजच्या थोडं अलीकडे, देवदारांच्या दाट झाडीत सेंट जॉन इन द वाइल्डरनेस आहे. १८५२ सालचं, करड्या दगडाचं. आत रंगीत काचांच्या खिडक्या आहेत. बाहेर ढगांचा मंद, सगळीकडून सारखा उजेड होता, त्यामुळे काचेतला निळा आणि लाल रंग कुठेही न चकाकता नीट दिसत होता. या खिडक्या लेडी एल्गिननी पतीच्या स्मरणार्थ दिल्या. व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन नोव्हेंबर १८६३ मध्ये धरमशालेतच वारले आणि याच आवारात त्यांची कबर आहे. (ग्रीसमधून पार्थेनॉनची शिल्पं उचलून नेणारे एल्गिन ते यांचे वडील.) पण लेकीचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. चर्चला मनोराच नाही आणि घंटा बाहेर आवारात वेगळी टांगलेली. ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपात मनोरा पडला, बाकीची इमारत उभी राहिली. आत्ताची घंटा नंतरची, १९१५ साली इंग्लंडमध्ये ओतलेली.

त्या भूकंपात या भागात सुमारे २०,००० माणसं गेली. हा आकडा आधी वाचलेला होता, पण दिवसभर जिथे जिथे गेलो तिथे तिथे १९०५ पुन्हा भेटत राहिलं. डोंगर दिसत असता तर मान वर करूनच फिरलो असतो. त्या दिवशी नजर जमिनीवर होती, भिंतींवर होती, म्हणून ते दिसलं असं मला मनापासून वाटतं.

अकराच्या सुमारास पाऊस बारीक झाला आणि आम्ही वीसेक किलोमीटर खाली कांगड्याला उतरलो. किल्ला गावात नाही, पुराना कांगडा नावाच्या वस्तीपलीकडे आहे. बाणगंगा आणि मांझी या दोन नद्यांच्या संगमावरचा उभा कडा आणि त्यावर तटबंदी. आपल्याकडचे किल्ले पाहिलेल्या माणसाला जागेची निवड एका नजरेत कळते. खाली दोन्हीकडून पाणी, आत जायला एकच चिंचोळी वाट, आणि त्या वाटेवर एकामागून एक दरवाजे: आहनी, अमीरी, जहांगिरी, अंधेरी, दर्शनी. शिखांच्या काळातला पहिला दरवाजा ओलांडून तुम्ही आत शिरता आणि चढत चढत काळात मागे जाता. मधले दरवाजे मुघलांचे, तर शेवटी दर्शनी दरवाजाच्या दोन बाजूंना गंगा आणि यमुना. मूर्ती झिजल्यात, चेहरे ओळखू येत नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा दोघींच्या अंगावरून पाणी ओघळत होतं आणि सासूबाईंनी तिथल्या तिथे हात जोडले.

महमूद गझनवीने १००९ मध्ये हा किल्ला लुटला. १६२० मध्ये जहांगिराच्या फौजेने घेतला. अठराव्या शतकाच्या शेवटी कटोच राजा संसारचंदने परत मिळवला, पुढे गुरख्यांचा वेढा पडल्यावर त्याने रणजितसिंहांची मदत मागितली आणि १८०९ मध्ये किल्ला त्यांच्या हाती गेला. १८४६ नंतर इंग्रज. एवढ्या फौजा झेलून जे टिकलं ते १९०५ मध्ये काही क्षणांत कोसळलं. वरच्या चौकात लक्ष्मीनारायण मंदिराची फक्त मागची भिंत उरलीय. त्या भिंतीवरची नक्षी बघत मी किती वेळ उभी होते ते आठवत नाही. भिजलेला वालुकाश्म कोरड्या दगडासारखा फिका पडत नाही. पिवळसर, विटकरी, मधेच जांभळट छटा वर येतात आणि छिन्नीची प्रत्येक रेघ उठून दिसते. अंबिकादेवीचं मंदिर आणि आदिनाथांची मूर्ती असलेलं छोटं जैन मंदिर इथे अजून पूजेत आहे. आणि त्या पावसात वर आमच्याशिवाय जेमतेम दोन कुटुंबं होती.

पायऱ्या मात्र घसरड्या आहेत. सासूबाई दर्शनी दरवाजाच्या पुढे आल्या नाहीत, चांगल्या आडोशाला बसल्या. किल्ल्याला लागूनच महाराजा संसारचंद संग्रहालय आहे, पाऊस वाढला तर तिथे थांबता येतं.

मसरूरला पोचायला कांगड्यापासून गाडीने तासभर सहज लागतो. रस्ता अरुंद, पण दोन्हीकडे हिरवागार गहू आणि उतरत्या पाटीच्या दगडांची छपरं. टेकडीच्या माथ्यावरचा सलग खडक कोरून आठव्या शतकात केलेली मंदिरं. समोर चौकोनी तळं. तुम्ही पाहिलेल्या प्रत्येक फोटोत मागे बर्फाची धौलाधार असते. आम्हाला तिथे पांढरी भिंत दिसली. आणि तरीही मी म्हणेन की पाहावं ते असंच, कारण मग सगळं लक्ष मंदिरांच्या शिखरांवर राहतं. मधल्या गाभाऱ्यात आज राम, लक्ष्मण, सीता आहेत, पण दाराच्या वरच्या पट्टीवर मधोमध शिव कोरलाय, म्हणजे मूळ मंदिर शिवाचं असावं. इथेही १९०५ ने मोठाले तुकडे पाडलेत, ते आजूबाजूला पडलेले दिसतात. काही भाग तर कोरायचाच राहून गेलाय.

कुणाला या भागातली अजून अशी ठिकाणं माहीत असतील तर जरूर लिहा. मला पुन्हा जायचंय.

घाटमाथा

फार छान लिहिलंय. एक शंका: मार्चमध्ये एवढा पाऊस? धरमशालेचा पावसाळा जुलै-ऑगस्टमध्ये ना?

ढगवेडा

@घाटमाथा, दोन्ही बरोबर. जुलै-ऑगस्टचा मान्सून वेगळा आणि हा वेगळा. हिवाळ्यात आणि मार्चपर्यंत उत्तरेत पश्चिमी विक्षोभ येतात. भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान ओलांडून येणारी ही हवेची प्रणाली. हिमालयाला धडकली की उंचावर बर्फ आणि खाली पाऊस. पंजाब-हिमाचलच्या गव्हाला हा पाऊस हवाच असतो. ताईंनी वाटेत जो हिरवा गहू पाहिला तो यावरच पोसतो.

आणि धरमशालेतच इतका का, तर ते धौलाधारच्या उभेपणामुळे. बाकी हिमाचलात मैदानापासून टेकड्या, मग मधले डोंगर, मग उंच रांगा असा टप्प्याटप्प्याने चढ आहे. इथे खोरं हजार मीटरच्या आतबाहेर आणि त्यातून जवळजवळ सरळ साडेचार हजार मीटरपर्यंत भिंत. ढगांना वर चढण्याशिवाय मार्गच नाही. आपल्या घाटमाथ्यावर कोकणातून आलेला ढग जसा रिकामा होतो तेच गणित, फक्त भिंत चौपट उंच. वर्षाचा एकूण पाऊस ३००० मिलिमीटरच्या आसपास जातो.

पश्चिमी विक्षोभाचा एक फायदा सांगतो. तो एकदोन दिवसांत पुढे सरकतो आणि लगेच आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. पावसाच्या दिवशी खाली फिरा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून डोंगर बघा. ताजं बर्फ पार खालपर्यंत आलेलं असतं.

मुक्कामपोस्ट

@ढगवेडा, अगदी तसंच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रिकेट स्टेडियमच्या मागे सगळी रांग पांढरी होती. भिंतीचं कारण आज कळलं, आभार.

लेणीखोदक

मसरूरबद्दल कुणी मराठीत लिहिलेलं पाहून आनंद झाला. तिथे गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाला वेरूळचं कैलास आठवतं आणि ते योग्यच आहे. दोन्ही एकाच शतकातली, दोन्ही एका सलग खडकातून वरून खाली कोरलेली. बांधकाम नाहीच, नको तेवढा दगड काढून टाकायचा.

पण फरक बघायला शिकलं तर मजा वाढते. कैलासासाठी आधी डोंगरात तिन्ही बाजूंनी खोल चर खणले आणि मधे उरलेल्या बेसॉल्टमधून मंदिर काढलं. त्यामुळे ते खाली, भिंतींच्या आड, सुरक्षित आहे. मसरूर टेकडीच्या माथ्यावर आहे, चारी बाजूंनी वारा, ऊन आणि पाऊस. दगडही वालुकाश्म, बेसॉल्टपेक्षा कितीतरी मऊ. शैली नागर, म्हणजे उत्तरेची वक्ररेषेत चढत जाणारी शिखरं, तर कैलासाचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचा मनोरा, द्राविड पद्धतीचं. वेरूळला राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचं नाव निश्चित जोडता येतं. मसरूरला कुणा राजाचा शिलालेख नाही. लोक पांडवांनी अज्ञातवासात केलं असं सांगतात आणि तळं द्रौपदीसाठी होतं म्हणतात.

अभ्यासकांचं लक्ष १९१३ च्या सुमारास तिकडे गेलं आणि १९१५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या हारग्रीव्हज यांनी पाहणी करून ठेवली. म्हणजे पहिलं सविस्तर वर्णनच भूकंपानंतरचं आहे. त्याआधी ती शिखरं पूर्ण कशी दिसत असतील, याचा विचार तिथे उभं राहून जरूर करावा. माझ्या मते भारतातल्या शैलमंदिरांत कैलासानंतर पाहायलाच हवी अशी ही जागा आहे आणि तिथे गर्दी नसते याचं मला वाईट वाटतं.

चार_चाकं

लेख आवडला, पण थोडं वेगळं मत मांडतो. "पावसात खोलीत बसू नका" हे वाचून उद्या कुणी जुलैमध्ये गाडी घेऊन निघेल. १२ जुलै २०२१ ला भागसूनागला नाल्याला अचानक पूर आला आणि रस्त्याकडेला लावलेल्या गाड्या वाहून गेल्या, ते व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत. पठाणकोट-मंडी हायवेचं चौपदरीकरण चालू असल्यामुळे डोंगर ठिकठिकाणी कापलाय, तिथे पावसात दगडमाती खाली येते. शिवाय ज्येष्ठांना आणि मुलांना घेऊन ओल्या किल्ल्यावर चढणं मला पटत नाही.

मुक्कामपोस्ट

@चार_चाकं दादा, जुलै-ऑगस्टबद्दल शंभर टक्के मान्य. मी लिहिलंय ते मार्चच्या पावसाबद्दल, फार तर सप्टेंबर संपताना पडणाऱ्या शेवटच्या सरींबद्दल. ऐन मान्सूनमध्ये प्रशासनाचा इशारा असेल तर बाहेर पडूच नये. आणि कुठल्याही महिन्यात पाऊस चालू असताना भागसूच्या धबधब्याकडे किंवा ओढ्यात उतरायला जाऊ नये. आमच्या त्या दिवसातलं एकही ठिकाण पाण्याच्या पात्रात नव्हतं, ठरवतानाच ते पाहिलं होतं.

किल्ल्याबद्दल मात्र मी ठाम आहे. चांगले बूट असतील आणि घाई नसेल तर दर्शनी दरवाजापर्यंत जपून जाता येतं. पुढचा पायऱ्यांचा भाग ज्येष्ठांनी सोडला तरी बरंच काही पाहून होतं.

पालमपूरची_सून

धागा वाचून राहवलं नाही. माहेर सांगली, सासर पालमपूर. आमच्याकडे ओढ्याला खड्ड म्हणतात. नेउगल खड्ड, बनेर खड्ड अशी नावं रस्त्यावर पाट्यांवर दिसतील. वर डोंगरात ढग फुटला की खाली ऊन असतानाही खड्डाला पाणी येतं. दगडावर बसून फोटो काढणारे पर्यटक पाहिले की माझे सासरे अजूनही गाडी थांबवून त्यांना उठवतात. तेवढं सगळ्यांनी लक्षात ठेवा.

मुक्कामपोस्ट ताई, तुम्ही १९०५ चं लिहिलंत ते वाचून डोळे भरले. इथल्या घराघरात ती गोष्ट आहे. चहाचंच बघा. कांगड्यात चहा १८५० च्या आसपास आला, चिनी जातीचा, बारीक पानाचा. गोऱ्या मळेवाल्यांचे कारखाने भूकंपात पडले आणि बरेच जण मळे विकून निघून गेले. त्यानंतर कांगडा चहाचं नाव कित्येक वर्षं मागे पडलं. २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ मध्ये युरोपीय संघानेही मान्यता दिली. आता पुन्हा लोक विचारायला लागलेत. पावसाच्या दिवशी पालमपूरकडे आलात तर हा चहा बिनदुधाचा प्या. दूध-साखर घातली की त्याचा वास मरतो.

आणि पालमपूरहून पुढे बैजनाथला जा. १२०४ सालचं शिवमंदिर, दोन व्यापारी भावांनी बांधलेलं, शिलालेखात त्यांची नावं आहेत. भूकंपात इतकं सगळं गेलं, पण हे मंदिर किरकोळ नुकसान सोसून उभं राहिलं. बैजनाथला दसऱ्याला रावण जाळत नाहीत. रावणाने इथे शिवाची तपश्चर्या केली अशी श्रद्धा आहे. मंडपात बसून पाऊस बघायला इतकी छान जागा दुसरी नाही.

जेवणाचं कुणी विचारलं नाही, तरी सांगते. कुठे लग्नाचं किंवा देवाचं धाम, म्हणजे गावजेवण, असेल आणि कुणी बोलावलं तर संकोच न करता पंगतीला बसा. बोटी, म्हणजे आमच्याकडचे परंपरेचे आचारी, पितळी हंड्यांत रांधतात. पत्रावळीवर भात आणि त्यावर एकेक पदार्थ येत राहतो: दह्यातला मद्रा, उडदाची माह, आंबटगोड खट्टा, शेवटी गोड भात. घाईने जेवायचं नसतं आणि पंगत उठेपर्यंत मधेच उठायचं नसतं.

रंगरेषा

एक भर घालते. जोराचा पाऊस असेल तर धरमशालेतल्या कोतवाली बाजारातलं कांगडा कला संग्रहालय चुकवू नका. लहानसं आहे, पण पहाडी लघुचित्रं तिथे पाहायला मिळतात. संसारचंदच्या आश्रयाने ही शैली बहरली. म्हणजे किल्ला आणि ही चित्रं एकाच माणसाच्या आयुष्यातल्या दोन गोष्टी आहेत.

या चित्रकारांनी पाऊस किती प्रेमाने रंगवलाय! काळे ढग, त्यातून सोन्याच्या रेघेसारखी वीज, बगळ्यांची माळ आणि अंधारातून प्रियकराकडे निघालेली अभिसारिका. संग्रहालयातून बाहेर पडलात की तोच रंग डोंगरावर असतो. ज्यांना उत्तरेला जाणं जमत नाही त्यांनी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली पहाडी चित्रं तरी बघावीत. मी विद्यार्थिदशेत पहिल्यांदा तिथेच पाहिली.

वाळवंटी

अमृतसरहून पठाणकोटकडे जाताना घुमानला थांबलात का? नामदेवांचं घुमान गुरदासपूर जिल्ह्यात, बटाल्याहून फार लांब नाही.

मुक्कामपोस्ट

@वाळवंटी, थांबलो तर! सासूबाईंच्या मनात मुळात तेवढंच होतं, बाकी सगळी सहल आमची. नामदेवांनी आयुष्याचा उत्तरार्ध तिथे काढला आणि गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, हे त्यांनी नातीला गाडीत समजावून सांगितलं. आम्ही महाराष्ट्रातून आलोय म्हटल्यावर गुरुद्वारातल्या सेवेकऱ्यांनी लंगरला आग्रह करकरून वाढलं. २०१५ चं साहित्य संमेलन तिथे झालं होतं, ते त्यांच्या अजून लक्षात आहे. मराठी माणसाने त्या रस्त्याने जाताना घुमान टाळू नये.

बॅग_भरलेली

आम्ही येत्या मार्चअखेर जातोय. आई-वडील सोबत, दोघंही सत्तरीचे. कांगडा खोऱ्याची छोटी रेल्वे पावसाळी दिवसाला चांगली वाटतेय, बसून सगळं दिसेल. कुणी गेलंय का? आणि पाऊस लागलाच तर त्यांना घेऊन क्रम काय ठेवू?

लेणीखोदक

रेल्वे सुंदरच आहे. अडीच फुटी रुळांवरची, पठाणकोट ते जोगिंदरनगर १६४ किलोमीटर, १९२९ पासूनची. बोगदे फक्त दोन. डोंगर फोडण्यापेक्षा वळणं घेत नेलीय, त्यामुळे सतत बाहेर बघता येतं. पण ऑगस्ट २०२२ मध्ये चक्की नदीवरचा पूल पुरात पडला आणि पठाणकोटकडचं टोक तुटलं. तेव्हा निघायच्या आधी कोणती गाडी कुठून कुठवर चालू आहे ते स्टेशनवरच विचारा, जुन्या वेळापत्रकावर विसंबू नका.

मुक्कामपोस्ट

@बॅग_भरलेली, सत्तरीची मंडळी सोबत असतील तर मी असं करेन: सकाळी चर्च आणि धरमशालेतलं कला संग्रहालय, दोन्हीकडे चढउतार कमी. मग कांगड्यात व्रजेश्वरीचं दर्शन. १९०५ मध्ये तेही मंदिर जमीनदोस्त झालं होतं, आत्ताचं नंतर उभारलेलं. किल्ला तुम्ही दोघांनी आळीपाळीने पाहा, एकाने आई-वडिलांबरोबर संसारचंद संग्रहालयात थांबा. मसरूरला मंदिरापर्यंत थोडं चालावं लागतं, पाऊस थांबलेला असेल तरच त्यांना न्या, आणि अंधार पडायच्या आत परतीला लागा, कारण त्या रस्त्याला दिवे नाहीत.

छत्रीपेक्षा रेनकोट घ्या, हात मोकळे राहतात. मोज्यांचे जास्तीचे जोड गाडीत ठेवा. मार्चचा तिथला पाऊस आपल्यासारखा कोमट नसतो, ओले पाय तासाभरात गारठतात. आणि @पालमपूरची_सून, बैजनाथला पुढच्या वेळी नक्की. चहा कुठून घ्यावा ते तेवढं इथे लिहाल का? मळ्यातून थेट मिळत असेल तर यांनाही उपयोग होईल.

पालमपूरची_सून

मिळतो. पालमपूरला सहकारी चहा कारखाना आहे, रस्त्यालगतच, तिथे विक्रीही होते. मार्चअखेर जाताय तर नवी तोडणी सुरू झालीय का ते विचारा. सुरू झाली असेल तर आठवडाभर थांबून परतीच्या वाटेवर घ्या. पहिल्या तोडणीचा चहा सगळ्यात चांगला.